समोर नसलेल्या माणसाचं पोर्ट्रेट

फोटोवरून पोर्ट्रेट करायचं नाही, हा बरीच वर्षं माझा नियम होता. कुणी गेलेल्या वडिलांचा फोटो घेऊन आलं, किंवा एखाद्या संस्थेला संस्थापकांचं तैलचित्र सभागृहात लावायचं असलं, की मी नाही म्हणायचे आणि दुसऱ्या एखाद्या चित्रकाराचं नाव सुचवायचे. आज अशी कामं मी आवर्जून घेते. व्यक्तिचित्रणातलं हे सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत जबाबदारीचं काम आहे, असं आता माझं मत झालं आहे. हे मत कसं बदललं ते नीट मांडावंसं वाटतं, कारण जुन्या मतामागची कारणंही खरी होती आणि त्यातलं एकही मी आज सोडलेलं नाही.

आधी ती कारणं सांगते. माणूस समोर बसतो तेव्हा चित्रकाराला जे मिळतं, ते कुठल्याच फोटोत नसतं. उत्तरेच्या खिडकीतून येणारा स्थिर उजेड चेहऱ्यावर पडला, की डोळे बारीक करून बघायचं. तपशील विरघळतात आणि चेहरा उजेडाच्या आणि सावलीच्या चार-पाच मोठ्या आकारांत उभा राहतो. उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू जिथे एकमेकींत मिसळतात, त्या अर्धछायेत त्वचेचा खरा रंग असतो. आपल्याकडच्या सावळ्या, गव्हाळ त्वचेवर तर हे फार चांगलं दिसतं. कपाळाच्या उजळ भागावर आकाशाची निळसर, थंड झाक असते. गाल वळतो तिथे बर्न्ट सिएनाची ऊब वर येते. जबड्याच्या कडेला हिरवट करडा लागतो, आणि हनुवटीखालच्या सावलीत लुगड्याचा रंग येऊन बसलेला असतो. दुकानात ‘फ्लेश टिंट’ नावाची तयार ट्यूब मिळते. तिच्यातला गुलाबी रंग या चेहऱ्यांच्या जवळपासही जात नाही. हे सगळे रंग समोरच्या माणसाकडे बघूनच शोधावे लागतात.

दुसरी गोष्ट वेळेची. बसायला आलेला माणूस सुरुवातीला फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा बसतो. मान ताठ, ओठ मिटलेले. थोड्या वेळाने खांदे उतरतात, बोलणं सुरू होतं, मध्येच तो आपल्याच विचारात जातो. चित्रकार यातला एकच क्षण पकडत नाही, अनेक क्षण एका चेहऱ्यात साठवतो. पणजीत फुंदासांव ओरिएंतच्या संग्रहात आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. 1870 साली गोव्यात जन्मलेला आणि मुंबईत नाव काढलेला हा चित्रकार. घरच्या माणसांची त्यांनी केलेली चित्रं पाहताना ती माणसं त्यांच्यासमोर किती सैलपणे बसत असतील, ते कळतं. तो सैलपणा रंगाच्या हाताळणीतही उतरला आहे. माझ्यासारख्या कित्येकांनी व्यक्तिचित्र म्हणजे काय हे अशा चित्रांसमोर उभं राहूनच ओळखलं.

याउलट फोटो. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं होतं, कान मागे जातात, चेहरा अरुंद दिसतो. समोरून फ्लॅश पडला, की अर्धछाया नाहीशी होते. गालाचा गोलवा जातो आणि उरतो तो एक पांढरट सपाट तुकडा. सावलीतही आपल्या डोळ्याला रंग दिसतो, फोटोत तिथे नुसता काळोख असतो. जुन्या स्टुडिओंमध्ये तर निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवायची पद्धत होती. म्हणजे आपल्या हातात फोटो येतो तेव्हा त्यातून माणूस थोडा वजा झालेलाच असतो.

त्यात भर पडली ती मी पाहिलेल्या भिंतींची. महाराष्ट्रात तैलरंगातलं व्यक्तिचित्र सर्वसामान्य माणसाला दिसतं ते वाचनालयात, शाळेच्या सभागृहात, न्यायालयात, सहकारी बँकेत. देणगीदार, संस्थापक, माजी अध्यक्ष, सगळे ओळीने. त्यांतली पुष्कळशी चित्रं फोटोवरून केलेली असतात आणि पुष्कळशी निर्जीव असतात. सावलीला तोच मातकट तपकिरी रंग, डोळ्यांत त्याच जागी पांढरा ठिपका, कोट वेगवेगळे पण खांदे एकाच माणसाचे. ती चित्रं पाहून मी ठरवून टाकलं होतं, की दोष फोटोचा आहे. हा निष्कर्ष पुढे डळमळला.

तो डळमळला एका कामामुळे. एक परिचारिका आईचं चित्र करून घ्यायला माझ्याकडे आल्या. त्यांच्याजवळ दोन फोटो होते. एक लग्नातल्या घोळक्याचा, कृष्णधवल. त्यात मागच्या रांगेत आई, नऊवारी, डोक्यावर पदर, चेहरा चिंचोक्याएवढा. दुसरा बँकेच्या पासबुकावरचा, फ्लॅशमध्ये काढलेला, शिक्क्याची कड गालावर आलेला. मी माझा नियम सांगितला. माणूस समोर बसल्याशिवाय मी काम करत नाही, म्हटलं. त्या म्हणाल्या, “ताई, समोर बसवायला आई असती, तर मला चित्र कशाला लागलं असतं?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझा नियम कलेच्या दृष्टीने कितीही बरोबर असला, तरी माणसं पोर्ट्रेट का करून घेतात, या मूळ गोष्टीलाच तो बाजूला ठेवत होता. बहुतेक घरांना चित्राची गरज माणूस गेल्यावर लागते. त्याच वेळी चित्रकाराने पाठ फिरवायची असेल, तर हुबेहूब चेहरा रंगवण्याचं एवढं शिक्षण आपण घेतो कशासाठी? मी काम घेतलं.

त्या कामात मी जे शिकले ते सांगितल्याशिवाय हे मनोगत पुरं होणार नाही. कृष्णधवल फोटोत त्या माउलीच्या कपाळावरचं कुंकू काळं दिसत होतं, लुगडं करडं. लुगड्याचा रंग मुलीला ठाऊक होता: गर्द हिरवं, तांबड्या काठाचं. त्वचेचा रंग मात्र कुणालाच शब्दांत सांगता येईना. ‘सावळी’, ‘निमगोरी’, ‘उन्हाने रापलेली’ असं प्रत्येकाने वेगळं सांगितलं. मग मी विचारलं, आईच्या रक्ताचं कुणी आहे का? साताऱ्याकडून मावशी आल्या, धाकटी बहीण. मी त्यांना खिडकीजवळ बसवलं. गालाचं हाड तेच, कानाची पाळी तीच, उन्हातान्हात गेलेली त्वचा तीच. रेखांकन मी फोटोवरून केलं आणि रंग घेतला मावशींच्या चेहऱ्यावरून. कपाळाला यलो ऑकर आणि पांढऱ्यात किंचित अल्ट्रामरीन, गालाला बर्न्ट सिएना आणि इंडियन रेड, गळ्याच्या सावलीत टेरे व्हर्टचा पातळ थर. फोटोत जी अर्धछाया फ्लॅशने पुसून टाकली होती, ती मावशींनी मला परत दिली.

चेहरा जुळून आला होता. मुलीने पाहिलं आणि म्हणाली, “आईच आहे.” तरी ती थांबून राहिली. काहीतरी खटकत होतं आणि काय ते तिला सांगता येत नव्हतं. सांगितलं ते मावशींनी: “आमची आक्का अशी टक लावून न्हाई बघायची कुणाकडं. हातात काम असायचंच. बोलताना जरा वर बघायची, की लगीच खाली.” पासबुकाच्या फोटोत फोटोवाल्याने “इकडे बघा” म्हटलेलं असणार, म्हणून ती सरळ समोर बघत होती. मी ती नजर इमानाने चित्रात उतरवली होती, आणि ती फोटोवाल्याने मागून घेतलेली नजर होती. मी वरच्या पापण्या थोड्या खाली आणल्या, बुबुळाचा वरचा भाग झाकला, डोळ्यांतली चमक मंद केली आणि हनुवटी किंचित उतरवली. हे बदल एवढे बारीक होते, की फोटो शेजारी ठेवला तर साम्य कमी झाल्यासारखं वाटलं असतं. घरच्यांना मात्र ते वाढलेलं दिसलं.

तिथे माझ्या मतातली गाठ सुटली. माणूस समोर नसला, तरी त्याची बैठक होऊ शकते. ती त्याला ओळखणाऱ्या माणसांच्या आठवणीत होते. ती आठवण बोलती करायची, तिच्यातून मानेचा कल, पापणीची उंची, ओठांच्या कोपऱ्याची ठेवण शोधायची आणि ती रंगात ठरवायची. त्या भिंतींवरच्या निर्जीव चित्रांत ही बैठकच झालेली नसते. कुणाला काही विचारलेलं नसतं. फोटो मोठा करून चौकटी आखून उतरवलेला असतो, एवढंच. उणीव फोटोत असतेच, पण ती भरून काढायचं काम चित्रकाराचं असतं आणि ते झालेलं नसतं.

मग मी इतिहासाकडेही नव्या नजरेने पाहू लागले. समोर नसलेल्या माणसाचं चित्र हा फोटोच्या जमान्यातला आळस आहे, असं मी समजत होते. पण फोटो नव्हता तेव्हाही हे काम होतं आणि ते मोठ्यांनी केलं होतं. सम्राट पाचव्या चार्ल्सची राणी इसाबेला 1539 साली वारली. टिशियनने तिला कधी पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या एका चित्रकाराने केलेलं तिचं चित्र समोर ठेवून त्याने राणीचं चित्र केलं, आणि सम्राटाने नाक सुधारून मागितलं. पुढे 1548 मध्ये टिशियनने केलेलं राणीचं चित्र आज माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात आहे. साऱ्या युरोपात दबदबा असलेला सम्राट बायकोच्या नाकाबद्दल चित्रकाराला कळवतो, ही गोष्ट मला फार जवळची वाटते. माझ्याकडे येणारे नवरे, मुली, नातू हेच करतात. पूर्वी मला ती ढवळाढवळ वाटायची. आता कळतं, की ज्याने तो चेहरा रोज पाहिला आहे, तोच या कामातला खरा जाणकार आहे.

इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सची गोष्टही अशीच. बर्निनी रोममध्ये, राजा लंडनमध्ये. राजाचा अर्धपुतळा हवा होता. व्हॅन डाइकने एकाच कॅनव्हासवर राजाला तीन बाजूंनी रंगवलं आणि ते चित्र रोमला गेलं. त्यावरून बर्निनीने 1636 साली संगमरवरात राजा घडवला. तो पुतळा पुढे 1698 च्या आगीत गेला, चित्र शाबूत आहे. तीन बाजू का लागल्या, हे लक्षात घेण्यासारखं आहे. एका बाजूच्या चित्रावरून डोक्याची घडण कळत नाही. म्हणून आता मी घरच्यांकडे एक चांगला फोटो मागत नाही, सगळे फोटो मागते. लग्नातले, सहलीतले, कडेला उभे असलेले, हललेले, अर्धा चेहरा कापला गेलेले. हललेल्या फोटोत कधी कधी माणसाची चाल सापडते. बाजूच्या फोटोत नाकाचा उंचवटा आणि हनुवटीची खोली कळते. मग मुख्य फोटोतला कॅमेऱ्याने फुगवलेला भाग आवरता येतो.

आपल्याकडचं उदाहरण पुण्यातलं. बालगंधर्व रंगमंदिर 1968 साली सुरू झालं. बालगंधर्व आदल्याच वर्षी गेले होते. तिथे गोपाळ देऊसकरांनी केलेली त्यांची दोन तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीवेशातलं. देऊसकरांचा जन्म 1911 चा. बालगंधर्वांचं स्त्रीरूप रंगभूमीवर ऐन भरात होतं, तेव्हा चित्रकार लहान मुलगा होता. ऐन तारुण्यातलं ते रूप त्यांच्यासमोर बसणं शक्यच नव्हतं. तरी नाटकाला येणारी माणसं त्या चित्रांसमोर थांबतात. वस्त्राचं वजन, दागिन्यांवरचा उजेड, उभं राहण्यातला डौल हे सगळं चित्रकाराने जिवंत माणसं रंगवून कमावलेलं होतं, आणि ते समोर नसलेल्या माणसासाठी खर्च केलं. राजा रविवर्मांनीही व्यक्तिचित्रांसाठी फोटोंची मदत घेतली होती. फोटो त्यांच्या मदतीला होता, ते फोटोचे नोकर नव्हते.

तैलरंग या कामाला इतके अनुकूल का, हेही मला याच कामांत उमगलं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश वाळतं. त्यामुळे ओला रंग पुढच्या दिवशीही हलवता येतो आणि वाळल्यावर त्यावर नवा थर देता येतो. मी आधी रॉ अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून नुसता छायाप्रकाश उभा करते. अंबर लवकर वाळतो. रंग चढवण्याआधी, याच टप्प्यावर घरच्यांना बोलावते, कारण रंग नसला की लोक घडणीबद्दल बोलतात: “कपाळ रुंद होतं”, “डावा खांदा खाली असायचा, पिशवी धरून धरून.” पुढचे थर देताना तेलाचं प्रमाण वाढवत न्यायचं, नाहीतर वरचा रंग तडकतो. प्रत्येक थर वाळेपर्यंत जो काळ जातो, त्यात घरच्यांना आणखी काही आठवतं. गेलेला माणूस एकदम आठवत नाही, हळूहळू आठवतो. इतक्या सावकाशीने आणि इतक्या फेरफारांना जागा ठेवून चालणारं दुसरं माध्यम मला तरी ठाऊक नाही.

जुन्या फोटोचं रसायनही माहीत असावं लागतं. पूर्वीच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जवळजवळ समजत नसे, निळा मात्र फार समजत असे. त्या फोटोंत ओठ काळपट येतात, त्वचा असते त्याहून गडद येते, निळं वस्त्र पांढुरकं दिसतं. हे ठाऊक नसलेला चित्रकार पणजीला उगाच काळी करतो आणि तिच्या निळ्या लुगड्याला पांढरं. आता नवीन अडचण आली आहे. लोक मोबाइलवर फोटो ‘स्वच्छ’ करून आणतात. ॲप धूसर चेहऱ्यावर कातडी ताणून बसवतं, पापण्या रेखतं, नसलेले दात भरतं. तो चेहरा कुणाचाच नसतो. मी मूळ फोटो मागते, कितीही पुसट असो. पुसट फोटोत माहिती थोडी असते, पण असते ती खरी असते.

काही गोष्टींना मी आजही नाही म्हणते. “रंग जरा उजळ करा” ही मागणी अजून येते, विशेषतः आईच्या आणि आजीच्या चित्राबाबत. तिथे मी ठाम असते. ज्या त्वचेने आयुष्यभर ऊन झेललं, ती गोरी केली तर चित्रातून ते आयुष्यच जातं. चेहऱ्याला ओळखणारं कुणीच उरलेलं नसेल, हाती एकच लहान फोटो असेल आणि संस्थेला वर्धापनदिनाच्या आत चित्र हवं असेल, तेव्हाही मी काम घेत नाही. बैठकच होणार नसेल, तर चित्र कशाच्या आधारावर करायचं?

शिकणाऱ्यांना मात्र मी आजही फोटोवरून सुरुवात करू देत नाही. आधी समोरचा माणूस, खिडकीचा उजेड, मोजके रंग: पांढरा, यलो ऑकर, एक लाल, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन. जिवंत चेहऱ्यांचे तास भरल्याशिवाय फोटोत काय हरवलं आहे हे कळतच नाही, आणि जे हरवलं ते कळल्याशिवाय भरता येत नाही. इथे माझं जुनं मत आणि नवं मत एकमेकांना धरून आहेत. फक्त पूर्वी मी समोरच्या माणसाला व्यक्तिचित्रणाचा शेवट मानत होते. आता ती तयारी वाटते. तिचा कस लागतो तो माणूस समोर नसताना.

म्हणून व्यक्तिचित्रणात पडलेल्या तरुण चित्रकारांना माझं सांगणं आहे, की फोटोवरच्या कामाला पोटापाण्याचं काम म्हणून हलकं लेखू नका. लवकर उरकायचं म्हणून घेऊही नका. कुणी फोटो घेऊन आलं, तर आधी त्या माणसाला बसवा. त्यांच्या गेलेल्या माणसाबद्दल विचारा. चालताना कसे दिसायचे, रागावले की चेहऱ्याचं काय व्हायचं, बोलताना कुणाकडे बघायचे, हात कुठे असायचे. घरात त्या तोंडवळ्याचं कुणी असेल तर उजेडात बसवून रंग बघा. आणि चित्र झाल्यावर त्याचा निवाडा फोटोकडे मागू नका, त्या घराकडे मागा. चेहरा बरोबर आला की नाही, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणालाच सांगता येणार नाही.